भूल देताना आवाजाची नस दबू शकते, हे आधी सांगायलाच पाहिजे

लातूरची लेक:
आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, टाके छान भरले पण आवाज गेला. आठ दिवस सगळे म्हणायले भूल देताना घशात श्वासाची नळी घातली होती, घसा बसलाय, गुळण्या करा. काकड्याला पहिला अभंग धरणारी बाई, आता हाक मारायची तर ताटलीवर उलथणं वाजवते. पाण्याचा घोट घेतला की ठसका, पेज मात्र नीट उतरते. शेवटी घशाच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं, डावा स्वरतंतू हलतच नव्हता. नळीच्या टोकाला हवेचा फुगा असतो, त्यानं आवाजाची नस दबली असणार म्हणाले. सही केली त्या कागदावर सगळं इंग्रजी. मराठीत दोन वाक्यं सांगायला काय जातं?

नांदेडचा भूलतज्ज्ञ:
ताई, त्रास खरा आहे, पण ह्यात चूक झालीच असं नाही. तो फुगा भरला नाही तर पोटातलं फुप्फुसात जाऊन माणूस दगावू शकतो. ही इजा फार क्वचित होते, बहुतेकदा नस नुसती दबलेली असते, काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत परत येते. सुप्रीम कोर्टानं २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात, पेशंटच्या संमतीबद्दलच्या, म्हटलंय, पेशंट घाबरेल असे दूरचे धोके सांगायची गरज नाही. किनवटहून आलेला माणूस हे ऐकून उठून गेला अन् पित्ताशय सडल्यावर परत आला तर?

बीडची ओटी सिस्टर:
सर, क्वचित मान्य, पण दाब कोण मोजतंय? फुग्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी, हे दाबाचं माप, एवढाच पाहिजे, अन् मी बघते तर सिरिंजनं हवा भरायची, बाहेरचा बारका फुगा बोटानं दाबायचा, झालं. बोटाला ३० अन् ६० मधला फरक कळतो का? त्यात नायट्रस, म्हणजे भुलीचा वायू, चालू असला तर तो फुग्यात शिरून दाब अजून चढतो. नळीऐवजी घशात बसवायच्या मास्कनं तर जिभेची नसपण दबते.

नांदेडचा भूलतज्ज्ञ:
मोजलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण दाब बरोबर असूनही नस दबते, मान किती वळली, नळी कुठं टेकली त्यावरपण असतं.

लातूरची लेक:
मी कुठं केस करायलेय सर. शिकवणाऱ्याला, भजन म्हणणाऱ्याला, बाजारात ओरडून भाजी विकणाऱ्याला आवाज हा दूरचा धोका कसा? खडे होते, ऑपरेशन केलंच असतं. पण ठसका लागल्यावर नुसती पाठ थोपटत बसले नसते, पहिल्याच दिवशी विचारलं असतं. आता सहावा आठवडा चालू आहे, स्पीच थेरपीला कधी न्यावं?

नांदेडचा भूलतज्ज्ञ:
ह्याच आठवड्यात न्या ताई, वाट बघू नका. अन् पाणी देताना हनुवटी खाली करायला सांगा.