दमयंतीपुढचा हंस: जीवात्मा की नुसता निरोप्या?

दांडियाबाजारकर:
आमच्या वडोदऱ्याच्या घरी आजीच्या वेळेपासून राजा रविवर्म्याच्या हंस-दमयंतीची छापील प्रत आहे. (मूळ चित्र १८९९चं, तिरुवनंतपुरमला.) परवा काच बदलायला ती उतरवली आणि घरात वाद पेटला. माझ्या मते हे शृंगाराचं चित्रच नव्हे. नल त्यात कुठे आहे? दमयंतीने त्याला पाहिलेलंही नाही, फक्त ऐकलंय. नुसतं ऐकून जीव जडतो तो भक्ताचा. हंस तर उपनिषदांपासून जीवात्मा. महाभारतातले हे हंस सोन्याने नटलेले आहेत. रविवर्म्याने पांढराशुभ्र काढला तो याचसाठी.

मांडवीची मावशी:
अहो, लाल साडीसमोर पांढरा पक्षी उठून दिसतो, म्हणून पांढरा! रघुनाथ पंडितांचं आख्यान शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय. नलाच्या हाती सापडलेला हंस म्हाताऱ्या आईच्या आठवणीने कळवळतो. आत्म्याला आई असते का? तो जिवाला भ्यालेला पक्षी आहे, सुटल्याचे उपकार फेडायला निघालाय. मला त्याची ती कृतज्ञताच फार मोठी वाटते.

सुरसागरकाठी:
मावशींशी सहमत. सयाजीरावांनी रविवर्म्याकडून १४ पौराणिक चित्रं करून घेतली होती. फत्तेसिंह संग्रहालयात त्याची मूळ तैलचित्रं जवळून पाहा. कापडाची चुणी न् चुणी, दागिन्याचं वजन, सगळं हाताला लागेल असं. याला देहच रंगवायचा होता.

दांडियाबाजारकर:
देवीला शालू नेसवताना आपणही निऱ्या तितक्याच निगुतीने घालतो. म्हणून काय ती देवी राहत नाही?

मांडवीची मावशी:
मग स्वयंवराचं काय करता? इंद्र, अग्नी, वरुण, यम, चौघेही नलाचं रूप घेऊन बसलेले. खरा नल ओळखू आला कशावरून? घाम, लवणाऱ्या पापण्या, कोमेजलेली माळ, अंगावरची धूळ, पडणारी सावली, जमिनीला टेकलेले पाय. समोर चार देव असताना पोरीने घाम येणारा माणूस निवडला! याला आध्यात्मिक म्हणून तिचं धाडस कमी करू नका.

दांडियाबाजारकर:
हे पटलं. पण त्या खुणा दिसायच्या आधी तिने देवांना जी शपथ घातली ती विसरू नका: हंसांचं बोलणं ऐकून मी नलाला वरलं, त्या सत्याने तो मला दाखवा. तिच्या सत्याला आधार त्या बोलण्याचा. जीवात्मा हा शब्द हवा तर मागे घेतो, पण निरोप्या म्हणणार नाही.

मांडवीची मावशी:
साक्षीदार म्हणा, चालेल. आई असलेला साक्षीदार. आणि काच चित्राला चिकटली असेल तर ओढू नका हो, रंग निघून येतो. जाणत्या माणसाकडे द्या.