पहिलंच धनुष्य ४५ ऐवजी ५७ पौंडांचं झालं, आता किती घासू?

नमस्कार मंडळी,
पहिल्यांदाच फायबरग्लासचं लॅमिनेटेड लाँगबो केलंय. दोरी चढली, पण पुढे अडकलोय.

लांबी ६६ इंच. आत मेपलच्या तीन पट्ट्या, पाठीला (नेमाकडची बाजू) आणि पोटाला (आपल्याकडची बाजू) १-१ मिमीची पारदर्शक ग्लास. इपॉक्सी गोंद लावून साच्यावर क्लॅम्पनी आवळलं आणि बल्बच्या पेटीत रात्रभर शेकवलं. दोरी २८ इंच ओढायला ४५ पौंड जोर लागायला हवा होता. काटा म्हणतो ५७!

चूक कळलीय. मुठीजवळ एकूण जाडी १० मिमी ठरवली होती, भरली १०.८. पट्ट्या हातानेच घासलेल्या, प्रत्येकीत थोडं थोडं राहून गेलं. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटलं. पण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १.०८ चा घन १.२६, त्याला ४५ ने गुणलं की आले ५७. हे गणित इपॉक्सी कालवण्याआधी सुचायला हवं होतं!

रुंदीचं प्रमाण मात्र सरळ. ४५ वर यायचं तर ३२ मिमीच्या भुजा, म्हणजे वाकणारे दोन्ही हात (इंग्रजीत लिंब, पण तसं म्हटलं की घरचे झाडाकडे बघतात) २५ वर आणाव्या लागतील. इतक्या अरुंद केल्या तर पिळतील का? की वरून ग्लासच घासू?

शिवाय वरच्या भुजेत, रायझर (मधला मुठीचा जाड भाग) निमुळता होत संपतो तिथे, ग्लासखाली नखाएवढा पांढुरका डाग आहे. काठापासून आत. क्लॅम्प जरा जास्तच आवळले होते, बरंच इपॉक्सी बाहेर ओघळलं, तिथे गोंद कमी पडला असावा. त्यात पातळ सुपरग्लू सोडू का?

प्रतिसाद:
आधी डागाचं बघा. काठाला फट नसेल तर सुपरग्लू आत पोचणारच नाही. पेन्सिलने डागाची हद्द आखा, धनुष्य टिलरच्या फळीवर (भुजांचा वाक तपासायची फळी) लावा आणि दोरी कप्पीतून घेऊन लांबूनच ओढा. हातात धरून अजिबात नको. आधी थोडं, मग वाढवत २० इंचांपर्यंत, चाळीस-पन्नास वेळा. डाग रेषेबाहेर सरकला तर धनुष्य खुंटीला टांगा. डागाखालचा चिकटवलेला सांधा सुटला तर तुकडे तोंडावर येतात.

डाग जागचा हलला नाही तरच कडा घासा. २५ चा हट्ट सोडा, २८ मिमीला थांबा. तुमच्याच हिशेबाने ५० पौंड येतील. दोन्ही कडा सारख्या घ्या, एकच बाजू जास्त गेली की भुजा पिळलीच म्हणून समजा. दर मिलिमीटरला दोरी चढवून बघा. वरून ग्लास घासू नका. सगळ्यात जास्त ताण तोच थर घेतो, आणि एखादी जागा पातळ झाली की सगळा वाक तिथेच गोळा होतो.

मास्क लावा. ग्लासची धूळ फुफ्फुसात जाते, अंगाची खाज तर दोन दिवस जात नाही.

धागाकर्ता:
हद्द आखली. कप्पी मिळेपर्यंत दोरी उतरवून ठेवतो. कडांना कानस चालेल की नुसता पॉलिश पेपर?