क्वेबेकच्या फ्रेंचसाठी भाषांतराचं ॲप: शाळेच्या चिठ्ठ्या आणि बाईंचं बोलणं कसं समजून घेता?

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलजवळ लाव्हालला राहायला आलो. लेक पाच वर्षांची आहे, इथल्या फ्रेंच शाळेत मातेर्नेलला जाते (आपलं सीनियर केजी). पुण्यात मी दोन वर्षं फ्रेंच शिकले होते, त्यामुळे पाट्या, बिलं वाचता येतात. घोडं अडतं ते बाईंच्या चिठ्ठ्यांवर, आणि त्याहून जास्त त्यांच्या बोलण्यावर.

मागच्या महिन्यात मुलांची सफरचंदाच्या बागेत सहल होती. चिठ्ठीत ‘दिने फ्र्वा’ द्या असं लिहिलेलं. ॲपला फोटो दाखवला, तर मराठीत आलं ‘रात्रीचं थंड जेवण’. सहल अडीचला परत येणार, मग रात्रीचं जेवण कशाला? छापताना चूक झाली असेल म्हणून मी फक्त नेहमीचा खाऊ दिला. क्वेबेकमध्ये ‘दिने’ म्हणजे दुपारचं जेवण, हे नंतर कळलं. सकाळचं ते ‘देजने’, रात्रीचं ‘सुपे’. फ्रान्समध्ये ‘देजने’ दुपारचं आणि ‘दिने’ रात्रीचं, आणि मी पुस्तकात तेच शिकलेले. त्या दिवशी पोर बाईंनी दिलेल्या बिस्किटांवर राहिली. अजून आठवलं की पोटात कालवतं.

पुढच्याच आठवड्यात तिला आणायला गेले तेव्हा बाई हसून म्हणाल्या, ‘एल ए बेन फिन!’ मी फोन पुढे केला. ॲप म्हणालं, ‘ती खूप बारीक आहे.’ आधीच उपाशी ठेवल्याचं मनात, त्यात हे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारच्या आजींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की इथे ‘फिन’ म्हणजे गोड, चांगल्या स्वभावाची. बाई कौतुक करत होत्या आणि मी त्यांना साधं ‘मेर्सी’सुद्धा म्हटलं नाही.

आता थंडीच्या सामानाची यादी आली आहे. त्यातले ‘बा’ म्हणजे इथे साधे पायमोजे, फ्रान्समध्ये बायकांचे लांब मोजे. व्यायामाच्या तासाला ‘एस्पाद्रिय’ हवेत. ॲपने दोरीच्या तळव्याचे कापडी जोडे दाखवले, हवे होते धावायचे बूट. न कळलेला शब्द निदान शोधता तरी येतो. इथे ओळखीचाच शब्द वेगळं सांगतो आणि ॲप जराही न अडखळता चुकीचं उत्तर देतं, म्हणून मला जास्त भीती वाटते.

बोलण्यात तर आणखी गोंधळ. ‘एल आ त्यु फिनी?’ म्हणजे ‘तिचं झालं का?’. हा ‘त्यु’ आपल्या ‘का’सारखा नुसता प्रश्नासाठी येतो, पण ॲप त्याला ‘तू’ समजून वाक्याची मोडतोड करतं. उच्चारही वेगळे: ‘त्यु’मधला त आपल्या ‘चाक’मधल्या च कडे झुकतो, ‘मर्दी’मधला (मंगळवार) द ‘जाड’मधल्या ज कडे. मराठी कानाला हे दोन्ही लगेच कळतात, फोनला कळत नाहीत.

फ्रेंचचा वर्ग लावला आहे, पण तोवर काय वापरू? आजींना रोज त्रास देववत नाही.

प्रतिसाद:
ताई, तुम्ही उपाशी ठेवलं नाहीत, हे आधी मनातून काढा. मी नऊ वर्षं शेर्ब्रूकला आहे, ‘दिने’वर आमच्याकडेही असंच झालं होतं.

पहिलं म्हणजे फ्रेंचमधून थेट मराठी करू नका. बरीचशी ॲप मध्ये इंग्रजीवरून जातात, त्यामुळे दोनदा घसरतात. इंग्रजी करून बघा, शंका आली तर शब्द ‘उझितो’मध्ये शोधा. शेर्ब्रूक विद्यापीठाचा हा कोश 2019 पासून सगळ्यांना फुकट आहे, आणि अर्थ इथला की फ्रान्सचा याची खूण शब्दापाशीच असते. बाईंना लिहायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या भाषांतरात ‘फ्रेंच (कॅनडा)’ निवडता येतं. एआयला विचारताना ‘ही क्वेबेकच्या प्राथमिक शाळेची चिठ्ठी आहे’ हे पहिल्या ओळीत सांगा, खूप फरक पडतो. जेवणाबद्दल विचारताना नाव घेऊच नका, सरळ ‘बारा वाजता’ लिहा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. उझितोमध्ये आधी ‘फिन’ शोधला आणि तो अर्थ लेकीला वाचून दाखवला. चिठ्ठ्यांचं आता जमेल असं वाटतं. बोलण्यासाठी मात्र अजून काही सापडलेलं नाही आणि गुरुवारी पालकसभा आहे. तिथे बाईंना सावकाश बोला, लिहून द्या, असं सांगितलं तर वावगं दिसेल का? इथल्या शाळांचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.