शब्दचर्चा : पोट भरल्यावरही खावेसे वाटणे – 'वखवख' की 'ओढ'?

प्रश्न : परळच्या एका रुग्णालयासाठी मी लठ्ठपणावरील मराठी पुस्तिका लिहीत आहे. 'क्रेव्हिंग'ला 'वखवख' आणि 'सटायटी'ला 'तृप्ती' म्हणावे का?

उत्तर १ : 'वखवख' टाळावा. हा शब्द अवस्था सांगत नाही, माणसाला बोल लावतो. हावरा, अधाशी यांच्याच गोतातला तो. पुस्तिकेला तर नेमके उलटे सांगायचे असणार. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे १९९४ साली सापडलेले संप्रेरक मेंदूतील हायपोथॅलॅमसला साठा पुरेसा असल्याची वर्दी देते. लठ्ठपणात ते रक्तात बहुधा मुबलक असते, पण मेंदू त्या वर्दीला पुरेशी दाद देत नाही. शिवाय खाणे कमी करून वजन उतरवले की लेप्टिन घटते, जठरातले घ्रेलिन हे भूक जागवणारे संप्रेरक वाढते आणि भूक अधिकच लागते. याला हावरेपणा कसे म्हणावे?

जाता जाता : 'भूक' हा शब्द 'बुभुक्षा' म्हणजे खाण्याची इच्छा यावरून आला आहे. पुढे आपण तिला पोटात नेऊन बसवले आणि तिथे कावळेही ओरडायला लावले.

उत्तर २ : 'भस्म्या'ही नको. आयुर्वेदातल्या भस्मकात अग्नी इतका तीव्र मानतात की अन्न न मिळाल्यास तो शरीराचे धातूच, म्हणजे रक्त-मांसच, जाळतो. तो माणूस वाळतो. मी 'खाण्याची ओढ' सुचवेन. घरून पोटभर जेवून निघालेल्या माणसाचीही पावले दादर स्टेशनबाहेर वडे तळल्याच्या वासाने रेंगाळतात, तेव्हा त्याला ऊर्जेची गरज नसते. त्या वासाशी पूर्वी जोडल्या गेलेल्या सुखाच्या अपेक्षेने मेंदूतील डोपामिन या रसायनाची यंत्रणा जागी झालेली असते. 'ओढ' म्हटले की ओढणारे काहीतरी बाहेरही आहे, हे आपोआप सुचते.

उत्तर १ : 'ओढ' फार हळवा वाटतो, माहेरची आठवण करून देतो, 'अनावर ओढ' म्हटल्यास चालेल. 'तृप्ती'त मात्र मनाचे समाधान मिसळलेले आहे. आतड्यातील जीएलपी-१ सारखी संप्रेरके आणि व्हेगस मज्जातंतू मेंदूला जे कळवतात, त्याला 'पोट भरल्याची जाणीव' हेच सरळ आहे.

प्रश्नकर्ती : दोन्ही सूचना घेते. फक्त रुग्ण स्वतः 'नुसती खा-खा होते हो' असे सांगतात, ते वाक्य अवतरणचिन्हांत तसेच ठेवते.