सहा एअरबॅग आणि डॅशबोर्डवरचा गणपती

महूनाकेवाला: परवा इथे एकाने लिहिलं, "सहा एअरबॅगची गाडी घेतली, आता बेल्टची कटकट गेली." अहो, एअरबॅग म्हणजे लोडतक्क्या नव्हे! ती साधारण 30 मिलिसेकंदांत, पापणी लवायच्या आत, दणक्यात फुगते आणि लगेच भोकांतून हवा सोडते. बेल्ट नसेल तर करकचून ब्रेक मारतानाच तुम्ही पुढे सरकलेले असता, मग ती थेट थोबाडावर फुटते. मुख्य धक्का बेल्ट घेतो, तोही खांद्याच्या न् कंबरेच्या हाडांवर. स्टिअरिंगवर एअरबॅगच्या जागी लिहिलेल्या 'एसआरएस'मधला पहिला एस 'सप्लिमेंटल'चा. म्हणजे बेल्टला पूरक!

पलासियाकर: पुरे ज्ञान. माझे मामा देवास रोडवर गाडीबाहेर फेकले गेले म्हणून वाचले. बेल्ट असता तर आत अडकले असते.

महूनाकेवाला: मामा वाचले म्हणून किस्सा सांगायला आहेत. बाकीचे फेकले गेलेले इथे लिहायला येत नाहीत.

राऊची सून: मागच्या सीटचं बोला की कोणी. उद्योगपती सायरस मिस्त्री 2022 मध्ये पालघरजवळ अपघातात गेले ते मागे बसूनच, बेल्टविना. आमच्याकडे नव्या गाडीला कव्हरं शिवून आणली, मागची बकलं त्याखाली गडप. मी ब्लेडने शिवण उसवली तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

रामबागी: आणि डाव्या बाजूला डॅशबोर्डवर पितळी गणपती चिकटवतात त्याचं काय? तिथेच एअरबॅगचं झाकण असतं. झाकण फाटलं की मूर्ती गोळीसारखी बायकोच्या तोंडावर.

पलासियाकर: घ्या, आता देवही काढा! इंदूरच्या खजराना गणपतीला गाडी नेली, पूजा झाली, पुजाऱ्यांनीच ठेवलाय.

रामबागी: पुजाऱ्यांनी गाडीचं मॅन्युअल वाचलं होतं का?

पलासियाकर: श्रद्धेची टिंगल नको. चार वर्षं पुण्यात राहून आलास की शिंगं फुटतात.

राऊची सून: भांडा खुशाल. पण दादा, बाप्पाला बेल्ट नाही एवढं तरी मान्य?

महूनाकेवाला: यांच्या बकलात, बेल्ट न लावल्यावर वाजणारी ती टिंगटिंग बंद करायची क्लिपही असेल. 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ती विकणं बंद करायला लावलं.

पलासियाकर: आहे. मग?

रामबागी: मग मामांना फोन कर.

पलासियाकर: केला. मांडीत सळई आहे, पावसाळ्यात झोप लागत नाही म्हणाले. हे मला कधी सांगितलंच नव्हतं. असो. मूर्ती देव्हाऱ्यात नेली, तुमच्यासाठी नाही, आई म्हणाली म्हणून. डॅशबोर्डवर गोंदाचा डाग राहिलाय, तो कशाने जातो ते सांगा शहाण्यांनो.