थिएस्टर गेट्स: मुतारीचा मार्बल 5000 डॉलरला विकणारा प्रोफेसर. आर्टिस्ट म्हणायचं की बिल्डर?

कडीपाट: मी इंटिरिअर शिकवतो. परवा वर्गात शिकागोच्या थिएस्टर गेट्सचं काम दाखवलं. शिक्षण अर्बन प्लॅनिंग आणि सिरॅमिक्सचं, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत प्रोफेसर, वडील छपरांना डांबर मारायचे आणि हा त्याच डांबराची पेंटिंग्ज करतो. तर तिथल्या साउथ साइडला 1923 ची एक बँक वर्षानुवर्षं बंद पडलेली, ती यानं शहराकडून 1 डॉलरला घेतली, अट एवढीच की दुरुस्तीचा पैसा तू उभा कर. पठ्ठ्यानं काय करावं, आतल्या मुतारीच्या मार्बलच्या लाद्या कापल्या, त्यावर 'इन आर्ट वी ट्रस्ट' कोरलं आणि बाँड म्हणून 2013 ला आर्ट बाझेल या कलाबाजारात 5000 डॉलरला एक असे विकले. 2015 ला स्टोनी आयलंड आर्ट्स बँक सुरू. वर्गातली एक पोरगी म्हणे, सर हे आर्ट की रिनोव्हेशनची वर्गणी? मला लगेच उत्तर देता आलं नाही.

साइटवरचा: वर्गणीच की. आम्ही तोडफोडीचा मार्बल भंगारवाल्याला देतो वर टेम्पोचं भाडं आपल्याच खिशातून, आणि यानं कोरून विकला की कॉन्सेप्ट. फोटो बघितले, छताचं प्लास्टर काही ठिकाणी पडकंच ठेवलंय. मी असं ठेवलं तर क्लायंट शेवटचा हप्ता देणार नाही. प्रोफेसर असल्याचा फायदा, बाकी काही नाही.

लेकफ्रंट: मी शिकागोत राहते, दोनदा जाऊन आलेय. पडकं प्लास्टर आळसानं ठेवलेलं नाहीये हो. तळघरातली तिजोरीची खोली तशीच आहे, लॉकरच्या पेट्या गंजून लाल झाल्यात आणि त्या बघून वर आलं की एकदम उंच लायब्ररी, काळ्या वाचकांची 'एबनी' आणि 'जेट' ही नियतकालिकं काढणाऱ्या जॉन्सन पब्लिशिंगची पुस्तकं छतापर्यंत. हाउस म्युझिक, म्हणजे क्लबातल्या नाचाचं संगीत, वाजवणारा डीजे फ्रँकी नकल्स, त्याच्या रेकॉर्ड्स पण तिथेच. ज्या काळ्या वस्त्यांना बँका कर्ज द्यायच्या नाहीत तिथली बँक आहे ही, गुळगुळीत केली असती तर ते कळलंच नसतं.

भाडेकरू_क्र_७: ताई, लायब्ररी छान, पण आजूबाजूच्या भाड्याचं काय? जवळच जॅक्सन पार्कात ओबामा सेंटर, त्यामुळे आधीच जागेला सोन्याचा भाव येणार म्हणून लोक धास्तावलेत. आधी आर्टिस्ट येतो, मग कॅफे, मग मूळ माणसाचं सामान ट्रकमध्ये. आणि कॉलेजात याला 'स्पेशियल प्रॅक्टिस', म्हणजे जागेवरच काम करणारी कला, म्हणून शिकवतात, त्यात घरभाडं हा विषय असतो का कडीपाट सर?

कडीपाट: नसतो, खरंय. पण त्याच्याच 'डॉर्चेस्टर आर्ट अँड हाउसिंग' प्रकल्पात 32 घरं आहेत, सरकारी मदतीची, परवडणारी आणि बाजारभावाची, तिन्ही मिसळून.

भाडेकरू_क्र_७: 32! आमच्या एका विंगमध्ये तेवढी आहेत.

लेकफ्रंट: घरबांधणीचं खातं त्याच्याकडे नाहीये ना पण. अजून एक सांगते. क्लीव्हलंडच्या पार्कात 2014 ला बारा वर्षांच्या टमीर राइसला पोलिसांनी गोळी घातली, तो एका शेडपाशी खेळत होता. ती शेड पाडून टाकणार होते, मुलाच्या आईला ती राहायला हवी होती. शेवटी सुटी करून या बँकेत आणली आणि 2019 ला बाजूच्या हिरवळीवर परत उभी केली. साधी लाकडी शेड, बाकडी आणि छप्पर. लोक येतात, बसायचं की नाही कळत नाही, मी पण उभीच राहिले. इथे काय विकलं त्यानं?

साइटवरचा: हे माहीत नव्हतं. शेडचं मान्य. मार्बलचं मात्र अजून पचत नाहीये, कारण मी पुण्यात वाडे उतरवलेत, सागवानी खांब रिसॉर्टवाले घेऊन जातात आणि स्विमिंग पूलजवळ उभे करतात, तिथे कोणाचा वाडा होता एवढी पाटीसुद्धा नसते. मालकाला मिळतात चार पैसे, मला मजुरी.

भाडेकरू_क्र_७: आणि वाड्यातल्या भाडेकरूला?

साइटवरचा: त्याला आम्ही बिऱ्हाड हलवायला टेम्पो देतो. तोच, भंगाराचा.