टर्बो, साधं पेट्रोल की हायब्रिड? नाशिकच्या कुटुंबाने सेडानमध्ये कुठलं इंजिन घ्यावं?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)
सेडान घ्यायची हे घरात ठरलंय, त्यामुळे 'त्यापेक्षा एसयूव्ही घ्या' हा सल्ला कृपया नको. वाद इंजिनाचा आहे. मेहुणा टर्बोसाठी (हवा कोंबून इंजिनाची ताकद वाढवणारं यंत्र) हटून बसलाय, शोरूममधला मुलगाही त्याच्याच बाजूने. माझं मत उलट आहे, ते इथे तावून सुलाखून घ्यावं म्हणतो.

रनिंग असं: रोज गंगापूर रोड ते अंबड एमआयडीसी, महिन्यातून एखादी ठाण्याची फेरी, अधूनमधून पुणे, नवरात्राच्या आसपास वणीचा सप्तशृंगी गड. गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. चालवणार मी आणि बायको. दहा वर्षं तरी ठेवणार.

एवढ्यासाठी टर्बो नसलेलं साधं दीड लिटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल पुरे. होंडा सिटीचं 121 पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) घ्या नाहीतर ह्युंदाई व्हर्नाचं 115 चं. व्हर्ना टर्बोचे 160 पीएस घेऊन मी मुंबई नाक्याच्या सिग्नलला काय करणार? टर्बोचार्जर, इंटरकूलर, डायरेक्ट इंजेक्शन, ड्युअल क्लच गिअरबॉक्स... वॉरंटी संपली की यातल्या प्रत्येकाचं बिल वेगळं. मेहुणा म्हणतो, "दाजी, ओव्हरटेकला कळेल." ओव्हरटेक नाही केला तरी ठाणं येतंच की.

घाटमाथा
हे शेवटचं वाक्य कसाऱ्यात पाच माणसं, भरलेली डिकी आणि चालू एसी घेऊन कंटेनरच्या मागे अडकलात की परत म्हणून दाखवा.

पीएस काय बघताय, टॉर्क बघा, म्हणजे चाक फिरवणारा जोर, एनएममध्ये मोजतात तो. आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो तेही बघा. सिटीचे 145 एनएम मिळतात 4300 आरपीएमला. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसचं एक लिटरचं टर्बो, ज्याला लोक तीन सिलिंडरचं म्हणून नाकं मुरडतात, ते 178 एनएम देतं आणि तेही पावणेदोन हजारांपासून. व्हर्ना टर्बो तर दीड हजारालाच 253. म्हणजे चढावर साध्या इंजिनाला दुसरा गिअर टाकून किंचाळायला लावावं लागतं, तिथे टर्बो तिसऱ्यावरच उचलतं. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. हवा थोडी विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाचा थोडा दम इथेच जातो. टर्बो तो भरून काढतो.

आणि वणीला जाता ना? नांदुरीहून गडावर चढताना पुढच्या एसटीला ओलांडायचं तर आपण समोरच्या लेनमध्ये किती सेकंद असतो, तो आकडा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. याला हौस म्हणत नाहीत.

समृद्धीवाला
कसारा कसारा काय लावलंय! 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला. इगतपुरीला वर चढायचं, बोगद्यातून थेट खाली. समृद्धीवर सपाट रस्त्याला कारला मर्यादा 120 ची आहे आणि 100 वर सिटीसुद्धा शांत पळते. टर्बोवर घालायचे पैसे टोलला ठेवा.

घाटमाथा
टोल वाचवायला जुन्या घाटाने जाणारे नाशिककर मला रोज दिसतात. धागाकर्ते त्यातलेच निघणार, पैज लावा. आणि गडाला कुठला बोगदा आहे?

आडगावचा
त्यापेक्षा एसयूव्ही घ्या ना.

गंगापूररोडकर
पहिली ओळ वाचा हो.

घाटमाथा, गडाचा मुद्दा मान्य. पण वर्षातल्या दोन चढायांसाठी रोजचा संसार कशाला बदलायचा? गडावर एसटीच्या मागे मागे जाऊ, देवीला घाई नाही.

नोझलवाले काका
माझी उमेद सातपूरला मायकोत गेली. (नव्या पोरांसाठी: मायको म्हणजे आताची बॉश. सर्कलचं नाव मात्र मायकोच राहिलं.) डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तुमचा वाद गमतीचा वाटतो. घाटमाथांना जो खालच्या आरपीएमचा टॉर्क हवाय, तो डिझेल सेडान आम्हाला केव्हाच देत होती, वर ॲव्हरेजही. 2007 ला महिंद्राने इथेच नाशकात लोगान बनवायला घेतली, तिचं दीड लिटरचं डिझेल म्हणजे नुसता बैल. दिसायला गाडी खोक्यासारखी, पण इंजिन ऐकत नसे.

आता नवी घ्यायची तर या वर्गात डिझेल मिळतच नाही. एप्रिल 2023 पासून गाडीचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजायचा नियम आला. छोट्या डिझेलला ते बसवणं महाग पडतं, म्हणून सिटी आणि व्हर्ना दोघींनी त्याच वर्षी डिझेल सोडलं. जुनी डिझेल घेणाऱ्यांनाही सांगतो, बीएस-6 या धुराच्या नियमात बसणाऱ्या गाडीला काजळीचा फिल्टर असतो. तो मोकळा व्हायला सलग लांबची धाव लागते. रोज गंगापूर रोड ते अंबड केलंत तर तो चोंदणार. डिझेलवर प्रेम असूनही तुम्हाला ते घ्या म्हणणार नाही.

इंदिरानगरची ड्रायव्हर
सगळे पुरुष टॉर्कवर बोलताहेत. दादा, बायको चालवणार म्हणालात, तिला विचारलंत का?

मी रोज संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकावरून जाते. तिथे इंजिन कुठलं आहे याने काही फरक पडत नाही, फरक पडतो गिअरबॉक्सने. सरपटत्या ट्रॅफिकमध्ये कोरडा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तेलात न बुडवलेला) सतत अर्धवट क्लचवर राहतो, तापतो आणि मग झटके देतो. माझ्या आधीच्या गाडीला हा त्रास होता. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं, "मॅडम, नॉर्मल आहे." साध्या पेट्रोलबरोबर सिटीत सीव्हीटी आणि व्हर्नात आयव्हीटी येतो, दोन्ही गिअरचे टप्पे नसलेले ऑटोमॅटिक. जोरात दाबलं की आवाज फार करतात, पण द्वारकेला तूप.

टर्बोवाल्यांनीही एक ध्यानात घ्या. स्लाव्हियाच्या एक लिटरला ड्युअल क्लच नाही, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर येतो, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर देणारा ऑटोमॅटिक. तो घाटातही चालतो आणि सिग्नललाही. टर्बोची भीती आणि ड्युअल क्लचची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, धाग्यात त्यांची मोट बांधली गेलीय.

घाटमाथा
ताई, धन्यवाद. मी एवढा वेळ हेच सांगत होतो.

इंदिरानगरची ड्रायव्हर
नाही, तुम्ही एसटी ओलांडत होतात.

कॉलेजरोड
सिटी हायब्रिड कुणीच कसं काढलं नाही? सिग्नलला इंजिन बंद, सावकाश चालताना बॅटरीवर. शहरात तिच्यासारखी दुसरी नाही.

गंगापूररोडकर
काढली होती, हिशोबात बसली नाही. महिन्याला हजार किलोमीटर, साधी शहरात 12 देते आणि हायब्रिड 20, असं धरा. 33 लिटर वाचतात. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास. किमतीतला फरक साडेतीन लाख धरला तर वसूल व्हायला साडेआठ वर्षं. तोवर बॅटरीची काळजी वेगळी. आणि डिकी? साध्या सिटीला 506 लिटर, हायब्रिडला 306. आईची व्हीलचेअर ठेवली की बॅगा मांडीवर.

निफाडचा
आमच्याकडे द्राक्षबागेला जाणारे सगळे डिझायर सीएनजी घेतात आणि असले धागे काढत नाहीत. किलोला 33 चा कंपनीचा आकडा आहे, 28 मिळाले तरी खुश. डिकी टाकीने खाल्लेली आणि पंपावर रांग, हे आहेच. पण पाच जण घेऊन घाट असेल तर सीएनजी घेऊ नका. चढ आला की पेट्रोलवर टाकतात सगळे.

जाता जाता, आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. आम्ही ऊसवाले, आम्हाला बरंच आहे. पण लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, म्हणजे ॲव्हरेज सहा-सात टक्के पडणार. कुठलंही इंजिन घ्या.

घाटमाथा
इथेनॉलचा ऑक्टेन मात्र जास्त, म्हणजे इंधन वेळेआधी पेटून टर्बोत बसणारा ठोका कमी. हाही गुण टर्बोच्याच पारड्यात टाका.

गंगापूररोडकर
तुमचं पारडं कशानेही खालीच जातं. असो. बायकोला विचारलं. ती म्हणते इंजिन तुम्ही ठरवा, गिअर मी बदलणार नाही. म्हणजे ऑटोमॅटिक नक्की. सिटी सीव्हीटी आणि स्लाव्हियाचं एक लिटर ऑटोमॅटिक, दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह रविवारी पाचही जणांना बसवून घेतोय. शोरूमवाले गडावर काही नेऊ देत नाहीत, द्वारकेच्या उड्डाणपुलापर्यंत परवानगी मिळालीय. माझं मत अजून तेच आहे.

घाटमाथा
पूल चढताना एसी बंद करायचा नाही. आणि मेहुण्याला घेऊन जा.